डॉल्फिनले कोंड्याचे गोळे

डिंपलचे बाबा,
मालवणातून तुमच्या बायाबाईचा नमस्कार.

पोरगी सुखात हाये. जावई पोळ्या लाटते, म्या डोयानं पाह्यलं. चक्करेपायी तुमचं येणं राह्यलं. आता कमी हाये का? तलावावर डोंग्यात एकटे बसू नोका.

तुमाले पाह्याचे होते ते डॉल्फिन पाह्याले काल आमी नावेत बसलो. किती वेळ नुसतं पाणीच. मले दम कुठं? आपण मासे धराले तलावात टाकतो तसे कोंड्याचे गोळे मळून नेले होते, ते टाकले. नाववाला वरडला, "मावशे, डॉल्फिन कोंडो खाना नाय गो!"

"मंग काय खाते ते सांग. इतक्या दुरून मी पाणी पाह्याले आली का?"

डिंपलनं पदरात तोंड लपवलं.

तेवढ्यात बाजूलेच करडी पाठ वर आली, फुस्स करून श्वास सोडला, आन मायच्या अंगाले लागून पिलू! म्या तुमचं नाव घेऊन जोरात हाक मारली, "पाहा, पाहा!" डिंपल म्हणे, "आई, बाबाचं नाव घेतलं तू?" लग्नापासून कधी घेतलं नव्हतं. निघालं तोंडातून.

गोळ्या खाऊन लवकर बरे व्हा. पुढच्या खेपेले तुमी बाजूले बसा, म्हणजे मले वरडा लागणार नाही.

तुमचीच,
बायाबाई