तलवारींच्या अलीकडून

खापरखेडा,
खंडेनवमी, १९७४

दादा,

आईनं अन्न सोडलं, लवकर ये, हा तुझा निरोप दूधवाल्यानं सकाळी खिडकीतूनच सांगितला. मी अजून निघाली नाही म्हणून रागावू नको गा.

यांचा तलवारींचा नाद तुले माहीत आहे. खरी जुनी कोणती आन् जयपूरची नक्कल कोणती, हे पाहुण्यांना सांगताना यांचा चेहरा लहान पोरासारखा होते. आज साऱ्याच पूजेत मांडल्या. यंदा पाटावर मावल्या नाहीत, म्हणून समोरच्या खोलीभर सतरंजीवर पसरल्या. शेवटची उंबऱ्याशी ठेवली आन् हे पहाटेच बाहेर पडले. "उद्या दसऱ्याले मीच उचलीन. तोवर हात लावू नको, ओलांडू तर मुळीच नको," म्हणाले. ड्यूटीवरून परस्पर नागपूरले सदरात जाणार, तिथल्या तलवारवाल्या दोस्ताकडे. येतील उद्याच. मी आतच अडकली, हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही.

मागचं दार तलवारींच्या पेट्यांनी कधीचंच बंद झालं.

स्वयंपाकघराच्या दारात बसून हे लिहून राहिली. समोर झेंडूची फुलं सुकून राहिली. दरवर्षी या तलवारींना तेल मीच लावते, दादा. एकीलेही धार नाही. तरी पाय उचलत नाही.

हे पत्र पेटीत टाकायचं तर तलवारी ओलांडाव्या लागतील. आन् ओलांडल्याच, तर पत्र कशाले टाकू? मीच रामटेकची बस धरीन.

दाराकडे पाहत बसलेली,
तुझी प्रेमिला