पुलापुलावर तुझं नाव

प्रिय आई,

घर सोडल्यावर, अकरा वर्षांपूर्वी, तू कार्डावर कीलुंगचा जो पत्ता लिहिला होतास, त्याच पत्त्यावर हे पाठवतेय. तू तिथं आहेस की नाही, मला ठाऊक नाही. गेले आठ दिवस डोक्याचा नुसता भुगा झालाय, त्यामुळे पत्रात कशाचा कशाला मेळ नसला तर सांभाळून घे.

मी अजून सहलींच्या बसमध्ये माइक धरून उभी असते. या वेळी आपल्या कौश्युंगच्या गल्लीतल्याच म्हाताऱ्यांची सहल होती, चार दिवसांत अख्ख्या बेटाला फेरी. आणि यादीत बाबांचं नाव! उभं आयुष्य अननसांचा ट्रक घेऊन ते बेटभर फिरले, पण तू फिरायला जाऊ म्हटलंस की यांचं उत्तर ठरलेलं, रस्ताच तर आहे, त्यात काय बघायचं. आता एकोणऐंशीव्या वर्षी इस्त्रीचा शर्ट घालून खिडकीत बसले. मला वाटलं, चला, उशिरा का होईना, हौस आली.

फांगल्याओच्या आधी पहिला मोठा पूल आला आणि बाबा खिडकीकडे तोंड करून, तुझं नाव घेऊन हळूच म्हणाले, "युएथाओ, पूल आला बरं का. चल." माझ्या हातून माइक पडायचाच राहिला. आजीच्या अस्थी गावाहून आणताना तूच मला शिकवलं होतंस, की पूल आला, बोगदा आला की गेलेल्या माणसाला नाव घेऊन सांगायचं, नाहीतर जीव या बाजूलाच अडकून राहतो. पुढे बोगद्यातही तेच, ताइतुंगपर्यंत एकही पूल त्यांनी सोडला नाही. तू वारलीस आणि मला कुणी कळवलं नाही, असंच मी धरून चालले. तरी माइकवर समुद्र किती निळा आहे ते सांगतच होते. कसं, कुणास ठाऊक.

मागच्या सीटवरच्या, आपल्या शेजारच्या पाओचू मावशीला हे ऐकू गेलं. तिचं गाणं रंगात आलं होतं, ते तिनं अर्ध्यावर थांबवलं. बसमध्ये कुजबुज सुरू झाली. सहलीत मेलेल्याचा आत्मा कशाला, म्हणून एकजण चिडले. मावशीनंच त्यांना गप्प केलं. दुपारी तिनं एक जादा जेवणाचा डबा आणून बाबांच्या शेजारी तुझ्यासाठी ठेवला आणि मला दटावलं, की अगं, आईला कोंबडीची तंगडी आवडायची ना, मग पोर्कचा डबा काय मागवतेस? मी डबा बदलला.

दुसऱ्या दिवशी सान-श्येन-तायला गेलो. तिथला आठ कमानींचा पूल तुला फोटोतूनच माहीत. बाबा प्रत्येक कमानीवर थांबत, धापा टाकत, "युएथाओ, अजून एक आहे" म्हणत होते. सहाव्या कमानीवर मला राहवलं नाही. आई कधी गेली, असं मी सरळ विचारलं. आवाज चढला असणार, कारण दोन टूरिस्ट वळून बघायला लागले.

बाबा कठड्याला धरून उभे राहिले. "मला काय माहीत?" ते म्हणाले. "जिवंत असेल तर माझ्या हाकेनं तिचं काय बिघडतंय? आणि गेली असेल तर रस्त्यात एकटी राहायला नको."

मला त्यांचा राग आला, आणि त्यांना जवळ घ्यावंसंही वाटलं. शेवटी नुसती पाण्याची बाटली त्यांच्या हातात दिली. तू घर सोडून का गेलीस ते मला आजही नीट कळलेलं नाही, आणि या माणसाला सोडून तू गेलीस की त्यानंच तुला जायला लावलं, हेही आता सांगता येत नाही.

तिसऱ्या दिवशी कीलुंगला बस तासभर थांबली. सगळे देवळाजवळच्या बाजारात खायला गेले. तुझा पत्ता माझ्या पर्समध्ये होता, चालत दहा मिनिटांवर. मी बसमध्येच बसून राहिले. कुणी परकं दार उघडेल आणि त्या कधीच गेल्या म्हणेल, याची भीती वाटली. बाबाही खाली उतरले नाहीत.

परतीच्या वाटेवर त्यांचा घसा बसला. शीलुओचा लांब पूल आला तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आता तू हाक मार म्हणून. बसमधले सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. माझ्याच्यानं झालं नाही, आई. बाबांनी तसल्या बसक्या आवाजात कसंबसं तुझं नाव घेतलं आणि मग गावापर्यंत माझ्याकडे बघितलं नाही. ती हाक मेलेल्या माणसाला मारायची असते. पत्र जिवंत माणसाला लिहितात, म्हणून मी हे लिहायला बसले. तू येऊ नकोस, कारणं सांगू नकोस. कोरं कार्ड टाकलंस तरी चालेल, फक्त माझं नाव तुझ्या हातानं लिही.

तुझीच,
स्युएलिंग