तुमच्या सत्काराची कॅसेट

बाई, तुम्हाला तोंडावर मी कधी बाई म्हटलं नाही. वृद्धाश्रमात सगळे तुम्हाला तुमच्या अमेरिकन नवऱ्याच्या आडनावाने हाक मारायचे, मीही तेच करायचे. पण घरी नवऱ्याशी बोलताना तुम्ही पहिल्या महिन्यापासून बाईच होतात, कारण शिकवणाऱ्या बाईला आमच्याकडे दुसरं काही म्हणत नाहीत. तुम्हाला जाऊन आता वीस वर्षं झाली. परवा जिना उतरताना मी कठड्याला हात लावला आणि चटका बसल्यासारखा काढून घेतला. तुम्ही म्हणायचात, कठडा धरून उतरणारी बाई घाबरलीय हे प्रेक्षकाला आधीच कळतं. तेव्हापासून जे बोलायचं राहिलंय ते डोक्यातून जात नाहीये.

इराकचं युद्ध सुरू व्हायच्या आदल्या वर्षी मी अमेरिकेत बेलव्ह्यूला आले. पुण्यात स्पर्धेत अभिनयाचं रौप्यपदक मिळवलेली मी, इथे व्हिसाच्या कागदावर कुणाची तरी बायको होते. नोकरी करायला बंदी होती, फुकट राबायला मात्र कायद्याची ना नव्हती. म्हणून आठवड्यातून दोनदा बसने सरोवरावरच्या तरंगत्या पुलावरून पलीकडे जायचे आणि नॉर्वेजियन कोळ्यांच्या जुन्या वस्तीतल्या तुमच्या वृद्धाश्रमात पुस्तकांची गाडी फिरवायचे. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या लहानशा स्वयंपाकघरात तुम्ही वॅफल करत होतात आणि मी खिडकीपाशी पाठमोरी उभी राहून इथल्या मराठी मंडळाच्या नाटकाचं स्वगत पाठ करत होते. तुमच्या पिठात वेलची होती. त्या वासाने मला एकदम घरी असल्यासारखं वाटलं आणि माझा आवाज चढला. "तिसरं वाक्य खोटं आहे," तुम्ही मागून म्हणालात. मला राग आला. म्हटलं, "तुम्हाला ही भाषा कुठे येते?" तुम्ही वॅफलच्या साच्याचं झाकण उघडत म्हणालात, "येत नाही म्हणूनच कळलं. शब्द कळले असते तर मी शब्दांना फसले असते. तू श्वास चुकीच्या जागी घेतलास." मग वॅफलवर तुमचं ते तपकिरी चीज ठेवून बशी पुढे केलीत. चवीला थेट कंदी पेढा. मी तीन खाल्ले आणि स्वगत पुन्हा म्हटलं.

वर्षभर तुम्ही मला शिकवत होतात. एकदा मी खरे अश्रू आणले आणि शाबासकीची वाट बघत उभी राहिले, तर तुम्ही हातरुमाल पुढे केलात आणि म्हणालात, "नाक पूस. तुला स्वतःची फार दया येते." असं मला आईसुद्धा कधी बोलली नव्हती. तुम्ही हे सगळं कुठे शिकलात असं विचारलं की तुमचं उत्तर ठरलेलं असायचं: "जर्मनीत. लहान होते. बास." दहाच्या ठोक्याला तुम्ही खाली कॉफीला जायचात. तिथे तुमच्या टेबलावर दोन बायका आणि एक म्हातारे मच्छीमार काका असायचे. काका रोज एक संत्रं सोलायचे आणि अर्धं तुमच्यापुढे ठेवायचे. चौघं नॉर्वेचेच, पण बोलायचात इंग्रजीत. हे मला तेव्हा विचित्र वाटलं नाही, आता वाटतं.

माझ्या नाटकाचा प्रयोग झाला त्या आठवड्यात तुम्ही मला तुमचा मेकअपचा छोटा आरसा दिलात. चांदीची डबी, झाकणावर एक नाव कोरलेलं. आडनाव तुमचं नव्हतं. एवढ्यावरच मी थांबायला हवं होतं. मी घरी जाऊन ते नाव कॉम्प्युटरवर टाकलं. जुन्या जर्मन सिनेमांचा नाद असलेल्या कुणा माणसाच्या पानावर तुमचा फोटो निघाला. वीस वर्षांच्या तुम्ही, पांढरी फर, आणि खाली ऐन युद्धातल्या चार सिनेमांची यादी. चारहीत नायिकेची बहीण. त्याच माणसाकडून मी एका सिनेमाची कॅसेट मागवली. शिवाय जन्मतारीख मिळाली, म्हणजे तुम्हाला एक्याऐंशी पूर्ण होत होती. आमच्याकडे एवढं वय झालं की त्या माणसाने हजार पौर्णिमा पाहिल्या असं धरतात आणि सहस्रचंद्रदर्शनाचा सोहळा करतात. शाल, नारळ, ओवाळणं, त्या माणसाच्या आयुष्यावर चार शब्द. माझ्या सासऱ्यांचा झाला तेव्हा फोटोंचा जीवनपटसुद्धा दाखवला होता. मी ठरवलं, बाईंचा असा सत्कार करायचा आणि जीवनपट म्हणून तो सिनेमा दाखवायचा.

नवरा म्हणाला, "अगं, आधी विचार तरी त्यांना. असं सरप्राइज वगैरे नको यार." मी म्हटलं, सत्कार काय उत्सवमूर्तीला विचारून करतात? युरोपातली कॅसेट इथल्या मशीनवर चालत नाही, म्हणून त्याने ती कन्व्हर्ट करून, माझ्या सांगण्याप्रमाणे कापून, जिन्याच्या प्रसंगाची डीव्हीडी करून दिली. आश्रमात ज्योत लावायला परवानगी नव्हती, तर मी बॅटरीचे एक्याऐंशी दिवे आणले. आणि तुमचं खरं नाव नीट उच्चारता यावं म्हणून मी चार दिवस घोकत होते.

अजून ती दुपार माझ्यासमोर जशीच्या तशी उभी राहते. जेवणाच्या हॉलमध्ये तुम्हाला मधल्या खुर्चीत बसवलंय. खांद्यावर शाल आहे आणि नारळाचं काय करायचं ते न कळून तुम्ही तो मांडीवर धरलाय. तुम्ही हसताय. मी माइक घेते आणि सांगते की ही माझी गुरू, आणि मग तुमचं ते नाव घेते. पहिल्या रांगेतले काका मान वर करतात. "काय नाव म्हणालीस?" मला वाटतं, त्यांना कमी ऐकू येतं. मी पुन्हा घेते, मोठ्याने, एकेक अक्षर सुटं करून. तुमचं हसू तसंच राहतं, पण नारळावरची बोटं पांढरी पडतात. मी ते बघते आणि तरीही नवऱ्याला खूण करते. पडद्यावर तुम्ही जिना उतरता, कठड्याला हात न लावता. मागची मंडळी टाळ्या वाजवतात. काका पडद्याकडे बघतच नाहीत, ते तुमच्याकडे बघतायत. मग ते उठतात, तुमच्यासमोर येऊन उभे राहतात आणि नॉर्वेजियनमध्ये काहीतरी विचारतात. आवाज अगदी हळू. तुम्ही एका शब्दात उत्तर देता. ते निघून जातात. त्यांच्यामागून टेबलावरच्या दोघी उठतात, मग आणखी काही जणी. मी माइक धरून उभीच आहे आणि टेबलावर ते दिवे लुकलुकतायत.

काय विचारलं ते मला आश्रमाच्या स्वयंपाकघरात कामाला असलेल्या एका नॉर्वेजियन बाईने सांगितलं. युद्धात नॉर्वे जर्मनांच्या ताब्यात होतं. त्या हिवाळ्यात तू आमच्या गावात जर्मन सैनिकांपुढे गायलीस, तेव्हा माझा भाऊ तिथेच त्यांच्या कोठडीत होता, तुला माहीत होतं का? आणि तुम्ही म्हणाला होतात, हो.

मी तुमच्या खोलीत आले तेव्हा तुम्ही शालीची घडी घालत होतात. मी म्हटलं, "मला माहीत नव्हतं. मला खरंच काही माहीत नव्हतं." तुम्ही कडा जुळवून घडी कपाटात ठेवलीत. मग म्हणालात, "युद्धानंतर आमच्या कलाकारांची चौकशी झाली. समोर तीन माणसं होती. मी त्यांना हेच वाक्य सांगितलं. दोन दिवस तयारी केली होती, तुला दिलेल्या त्याच आरशासमोर. त्यांनी मला काही वर्षं रंगमंचावर पाय ठेवू दिला नाही, आणि स्वस्तात सुटले म्हणून मी आनंदाने रडले." मी विचारलं, मग गेलातच कशाला तिकडे? तुम्ही खांदे उडवलेत. "काम होतं. घरी मी कुणी नव्हते, तिथे मोठे दिवे होते. वीस वर्षांची होते, लोकांनी माझ्याकडे बघावं एवढंच हवं होतं. ती कोठडीची इमारत मी गायले त्या हॉलच्या खिडकीतून दिसायची. मी ठरवलं होतं, त्या बाजूला मान वळवायची नाही." मग तुम्ही माझ्याकडे नीट बघितलंत, स्वयंपाकघरात पहिल्या दिवशी बघितलं होतं तसं, आणि एकच शब्द म्हणालात, "श्वास." मी ऐकू न आल्यासारखं केलं.

काकांनी संत्रं आणणं बंद केलं. तुमचं जेवण खोलीत यायला लागलं. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही, त्यांचा भाऊ परत आला नव्हता. तुम्हीही कधी त्यांना नावं ठेवली नाहीत. मी आणखी सात-आठ महिने येत राहिले, वेलची घेऊन, पुस्तकं घेऊन. टीव्हीवर बगदाद दिसायचं आणि आपण दोघी आवाज बंद करून बसायचो. तुम्ही मला पुन्हा एकदाही शिकवलं नाहीत आणि मीही शिकवा म्हटलं नाही. फेब्रुवारीत तुम्ही गेलात. शाल तुमच्या कपाटात घडी करून ठेवलेली सापडली, ती मी घरी आणली.

हे पत्र कुठे पाठवायचं हा प्रश्नच नाही, ते शालीत जाईल. पण एक सांगायचं आहे, त्यासाठीच इतकं पाल्हाळ लावलं. त्या कॅसेटच्या सुरुवातीला सिनेमा नव्हता, त्या काळचा वार्तापट होता. त्यात तुम्ही गणवेशातल्या लोकांपुढे गात होतात, मागे नाझींचा तो ध्वज होता, आणि गावाचं नाव पडद्यावर आलं होतं. फोटोखालच्या मजकुरात चौकशीबद्दलही होतं, मी ते दोनदा वाचलं होतं. नवरा म्हणाला, "हा पार्ट का काढायचा? इंटरेस्टिंग आहे की." मी म्हटलं, लांबण लागते, काप. मला एवढंच दिसत होतं की हॉल भरलाय, माझ्या हातात माइक आहे आणि तुमची शिष्या म्हणून सगळे माझ्याकडे बघतायत. बाई, मला माहीत होतं. हे वाक्य मी आत्ता स्वयंपाकघरात मोठ्याने म्हणून पाहिलं. श्वास कुठे घेतला, ते लक्षात आलं नाही.