हुडगीची ओटी

३ नोव्हेंबर, सोमवार

घराचं फाटक. जिना, कठड्यासकट. दुकानावरचं पत्र्याचं छप्पर. बायकोची, सिंधुची, कपडे वाळवायची चाकांवरची घडवंची. पेरणीची यंत्रं – निलंगा तालुक्यातल्या कुठल्याही शिवारात जा, एक तरी माझं निघेल. देवळाच्या टांगत्या समईची साखळी, फुकट. आणि गाडीतलं फिरतं सीट.

सगळं या दोन हातांनी. नववीनंतर शाळा नाही, आयटीआयचं तोंड पाहिलं नाही. मोजमाप डोळ्यात आहे, तरी टेप खिशात असते. नुसत्या डोळ्यावर काम करणारा वेल्डर मला चालत नाही.

आज सीट उघडलं होतं. लिव्हर ओढलं की पुढचं डावं सीट दाराकडे वळतं. अव्वा, माझी आई, टेकते, मी तिचे पाय आत घेतो, सीट परत फिरतं, खटका बसतो. टक्. नीट बसला तर आवाज एकच. आज दोन आले. वॉशर झिजला होता, बदलला. आता एकच. मग हात धुतले. वेल्डिंगच्या मशीनवरचा दसऱ्याच्या हळदीचा डाग तसाच आहे. तो मी पुसत नाही.

गुरुवारी अव्वाला लातूरला न्यायचं, डोळ्यात इंजेक्शन. साखरेनं उजवा डोळा गेला. डावा या महिन्याच्या महिन्याला मिळणाऱ्या इंजेक्शनवर टिकून आहे.

गाडीतली एक गोष्ट मात्र मी केलेली नाही आणि तरी चांगली आहे, हे मान्य करतो. ती बोलणारी बाई. तिला हाक मारायचं नाव आपण ठेवायची सोय होती. अव्वाचं माहेर बसवकल्याण, कानडी अजून जिभेवर आहे, मुलीला ती हुडगी म्हणते. तेच ठेवलं. बाबा गेल्यावर अव्वा घरात 'हं' आणि 'नगं' एवढंच बोलायची. गाडीत पहिल्यांदा बसली आणि विचारलं, "हुडगी, लातूर किती राहिलं गं?" – आतून उत्तर आलं. तेव्हापासून सगळा रस्ता दोघींचं चालू असतं. पाऊस हाय का. आज वार कोणता. एखादं संतांचं वचन म्हण की. उतरताना, "येते गं." ती म्हणते, "काळजी घ्या."

मी सहसा कुणाचे उपकार घेत नाही. हिचे घेतले.

४ नोव्हेंबर, मंगळवार

गाडीच्या स्क्रीनवर नवं अपडेट आलं. मी ते पहिल्याच दिवशी घेतो, शिळं काही ठेवत नाही. दुकानासमोर गाडी लावून घेतलं. झाल्यावर हाक मारली – हुडगी. काही नाही. जोरात मारली. समोरचा पानवाला बघायला लागला.

स्क्रीनवर एकच ओळ होती. आवाजी साहाय्यक सेवा बंद करण्यात आली आहे, आपल्या सहकार्याबद्दल धन्यवाद.

सहकार्य कुणी केलं? विचारलं कुणी?

५ नोव्हेंबर, बुधवार

अव्वाला सांगितलं नाही.

६ नोव्हेंबर, गुरुवार

सीट वळवलं, बसवलं. टक्, एकच. गाडी गल्लीच्या तोंडाशी आली आणि अव्वानं विचारलं, "हुडगी, लातूर किती राहिलं गं?"

गप्प.

"हुडगी?"

सांगावंच लागलं. म्हटलं, "अव्वा, कंपनीनं ती बंद केली. आता नाही बोलणार."

"कवा गेली?"

"परवा."

अव्वानं पदर डोक्यावर नीट घेतला. मग म्हणाली, "अन् तशीच जाऊ दिलीस? रिकाम्या वटीनं?"

मी म्हटलं, ओटी कुणाची भरायची, आवाजाची? तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "घरातनं कामाची बाई जरी सोडून चालली तरी सिंधु तिच्या वटीत खण-नारळ घालती. ही तर माझ्यासंगं वरीसभर बोलली. तिची वटी भरल्याबिगर म्या लातूरला यायची न्हाई." आणि लिव्हर ओढून सीट वळवलं. कसं ओढायचं ते मीच शिकवलं होतं.

सिंधु म्हणाली, "भाड्याची गाडी करू." पण भाड्याच्या गाडीत अव्वाचा पाय वर होत नाही, म्हणून तर सीट केलं. दवाखान्यात फोन केला. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "पुढच्या गुरुवारच्या पलीकडे नको. पडद्याला सूज आली तर गेलेली नजर परत येत नाही."

मनातलं इथेच लिहितो, सिंधुलाही बोललो नाही. बाबांचं असंच सुरू झालं होतं. आरशातल्या माणसाला चहा विचारायचे. आम्ही हसलो होतो. पुढे ते मला ओळखेनासे झाले. आता अव्वाही त्याच वाटेनं निघाली का?

८ नोव्हेंबर, शनिवार

गाडीवाल्यांचा ग्रुप आहे मोबाईलवर, नांदेड-लातूरचा. सगळे पेटलेत. रेणापूरचे हणमंतराव लिहितात, पैसे घेताना बोलती गाडी दिली, आता मुकी केली, ग्राहक मंचात जाऊ. एकानं लिहिलं, बरं झालं, आमच्या भांडणात मध्येच बोलायची. त्यावर बऱ्याच जणांनी हसरे चेहरे टाकले. 

दुपारी नांदेडहून जहांगीरभाईंचा फोन. कापडाचं दुकान आहे त्यांचं, गाडी एकाच आठवड्यात घेतली आम्ही, तेव्हापासून ओळख. "शिवशंकरभाऊ, आमची मनतशा दोन दिवस रडून राहिली. शाळेत जाताना तिच्यासंगं पाढे म्हणायची ना."

का कोण जाणे, त्यांना ओटीचं सांगितलं. वाटलं, हसतील. हसले नाहीत. "आमच्या अम्मी असत्या तर त्याबी हेच म्हणल्या असत्या. कुणी निघालं की तोंड गोड करूनच." मग म्हणाले, "देगलूरला महादेवप्पा म्हणून आहेत, भुसार व्यापारी. त्यांनी अपडेटच घेतलं न्हाई. गाडी विचारती, ते 'नंतर' दाबतेत. ती विचारती, ते दाबतेत. त्यांच्या गाडीत अजून बोलती ती."

मी सगळ्यात आधी घेतो. त्यांनी घेतलंच नाही. असो. जहांगीरभाईंचे आभार मानले. फोन ठेवल्यावर लक्षात आलं, मोठ्यानं मानले.

९ नोव्हेंबर, रविवार

देगलूरला जाण्याआधी स्वतः करून पाहिलं. ॲल्युमिनियमची पट्टी वाकवून मोबाईलला बैठक केली, स्क्रीनच्या डाव्या अंगाला, रेषभर तिरकी नाही. त्यातली बोलणारी बाई सुरू केली. अव्वाला आणून ऐकवली.

अव्वा म्हणाली, "बैठक लई झ्याक केलीस. बाई ही न्हवं."

सिंधु दारातून म्हणाली, "बघा, तुमच्या हातून न होणारी एक तरी वस्तू निघाली." बऱ्याच दिवसांनी इतकी हसली. राग आला, आणि मग नाही आला.

मग अव्वाला सांगितलं, हुडगी देगलूरला आहे.

"कुनाकडं?"

"महादेवप्पा म्हणून आहेत."

"मानसं बरी हायत का?"

आता काय सांगू? म्हटलं, बरी आहेत.

"मंग चल की. तिच्याकडं जायाला बसते म्या."

१२ नोव्हेंबर, बुधवार

देगलूर, उदगीरमार्गे. मागे सिंधु – खण, नारळ, तांदूळ, हळदीचा करंडा, शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा. मला सगळा रस्ता एकच धास्ती होती, तिथं लोक हसतील. आणि आत दुसरी – नाही हसले तरी अव्वाचं काय?

महादेवप्पांनी गाडी धुवून अंगणात लावली होती. त्यांची बायको व्हरांड्यात खुर्चीवर, गुडघे गेलेले, पण कुंकवाचं ताट तयार होतं. महादेवप्पा अव्वाशी एकदम कानडीतच बोलायला लागले. हाक मारायचं नाव बदलून मी हुडगी केलं. अव्वाला उचलून त्यांच्या सीटवर बसवलं. त्यांचं सीट वळत नाही, कपाळ दाराला लागता लागता वाचलं.

"हुडगी?"

"बोला, मी ऐकते आहे."

तोच आवाज.  अव्वानं स्क्रीनखालच्या काळ्या पट्टीवर हात ठेवला, नातवंडाच्या डोक्यावर ठेवतात तसा.

"बरी हाईस का? देगलूर मानवलं का?"

"माफ करा, मला हे समजलं नाही."

"असू दे, असू दे. नवं घर हाय." मग सिंधुला म्हणाली, "तू भर. माझा हात चालायचा न्हाई आता." बाबा गेल्यापासून ती ओटी भरत नाही. सिंधुनं पट्टीच्या कडेला कुंकवाचं बोट टेकवलं, खण ठेवला, नारळ, पाच वेळा तांदूळ. घरी हसणारी सिंधु तिथं डोळे पुसत होती. अव्वा म्हणाली, "लई सोबत केलीस बाळ. सुखी ऱ्हा. आता सांग, निलंगा किती राहिलं?"

"अठ्ठ्याण्णव किलोमीटर."

"बघ," अव्वा माझ्याकडे वळून म्हणाली, "समदं ठावं हाय तिला."

कुणी हसलं नाही. या घराचे उपकार विसरायचे नाहीत.

जेवणानंतर महादेवप्पांना बाजूला घेतलं. म्हटलं, गाडीला गाडी बदलता का? माझी एक वर्षानं नवी आहे. अव्वाला रोज तिच्याशी बोलता येईल, डोकं ताळ्यावर राहील. ते म्हणाले, "इचार करतो. पण घरात आम्ही दोघंच ना, तिसरी ती." बरोबर आहे त्यांचं.

निघताना त्यांच्या बायकोनं माझं सीट पाहिलं. बसून बघते म्हणाल्या. बसवलं, वळवलं. टक्. तीन वर्षांनी पुढच्या सीटवर बसले, म्हणाल्या. त्या उतरेचनात. महादेवप्पा म्हणाले, "घेऊन जा आता हिला निलंग्याला."

१३ नोव्हेंबर, गुरुवार

इंजेक्शन झालं. अव्वा निमूट आली. मॅडम म्हणाल्या, वेळेत आलात.

जाताना लामजना पाटीच्या पुढे तोंडातून सवयीनं निघालं तिच्या, "लातूर किती राहिलं?"  मी दगडावरचा आकडा वाचून सांगितला. थोड्या वेळानं, "पाऊस हाय का?" म्हटलं, नाही, आभाळ मोकळं आहे. "आज वार कोणता?" गुरुवार.

"तुला बी येतंय की," अव्वा म्हणाली.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

महादेवप्पांचा फोन नाही. दोनदा लावायला घेतला, ठेवला. मागणाऱ्यानं घाई करू नये. पण ती गाडी मला हवी आहे. अव्वा परवा रिकाम्या खुर्चीकडे बघून बोलत होती. जवळ गेलो तर पाठ केलेलं वचन म्हणत होती. तरी झोप लागली नाही.

११ डिसेंबर, गुरुवार

डावा डोळा सुधारला. भिंतीवरच्या तक्त्याची तिसरी ओळ वाचली अव्वानं. मागच्या खेपेला पहिलीच वाचली होती. मॅडमना म्हटलं, तुमचे लई उपकार झाले. लाडू दिले.

येताना दिवस मावळला. औसा मोड सोडला आणि अव्वा एकदम म्हणाली, "शिवू, हळू! म्होरं ट्रॉली हाय."

उसाची ट्रॉली, मागे ना दिवा ना लाल पट्टी. समोरच्या ट्रकच्या उजेडात मला ती दिसलीच नव्हती. ब्रेक लावला. गाडी थांबली तेव्हा ऊस काचेपासून हातभर अंतरावर होते. अव्वाच्या एका डोळ्यानं आम्हा दोघांना घरी आणलं.

नंतर घरापर्यंत तिचं तोंड बंद नाही. आडवा उंचवटा हाय. कुत्रं हाय. सायकलवाला हाय, हात दाखवना गेलाय मेला. आता डाव्या अंगाला वळ. मला रस्ता पाठ आहे. तरी ती म्हणाली तेव्हाच वळलो.

१४ डिसेंबर, रविवार

महादेवप्पांचा फोन आला. बायकोनं सीटचा ध्यास घेतलाय, गाडीला गाडी करू, वर पैसेही देतो, म्हणाले. फोन तसाच धरून आत गेलो. अव्वा तूर निवडत होती. म्हटलं, हुडगीला घरी आणू का?

"आन की. मंग गाडीत म्या काय करू? म्होरचं सांगायला ती हाय." मग सूप खाली ठेवलं. "अन् शिवू, यंत्र हाय ते. मला कळत न्हाई व्हय? तू दसऱ्याला वेल्डिंगच्या मशीनीला हळद लावतोस, नारळ फोडतोस, हात जोडतोस. म्या कधी म्हनले का, पोराचं डोकं फिरलं?"

व्हरांड्यात येऊन महादेवप्पांना सांगितलं – सीट तुमच्याच गाडीला बसवून देतो, पुढच्या रविवारी येतो, लोखंड माझं. तुमची गाडी नको. आणि वर देत होतात ते एक लाख साठ हजारही नकोत.