शिवकन्याची पहिली गाडी

॥ श्री मन्मथ स्वामी प्रसन्न ॥
देवणी, १९ मे २०१९, आयतवार

चि. सौ. नीलम्मा हिला थोरल्या जावेचा आशीर्वाद.

आम्ही इकडं बरे हाव. हैदराबादेत तू अन् सिद्धेश्वर भाऊजी बरे असाल. चौथी शिकलेल्या बाईचं अक्षर हाय. लागलं न्हाई तर भाऊजींकडून वाचून घेऊ नको, डोळे ताणून तूच वाच.

टँकर दोन दिवसाआड येऊन राहिला. जनावरं छावणीत, हेही तिथंच मुक्कामाला. पाण्याच्या रांगेत बाया आधी भांडतात, मग उदगीर जिल्हा होणार म्हणून गप्पा मारतात. होऊ दे बाई. जिल्हा झाल्यानं माझी घागर भरणार हाय का?

शिवकन्या तुझं घर सोडून होस्टेलात गेली. पोरीनंच फोनवर सांगितलं. "मी पहिल्यांदा मेट्रो चालवली त्या दिवशी काकूनं तुला बोलावलंच न्हाई, अन् वरून खोटं बोलती." तू रडून सांगितलंस म्हणं, की मी तुझ्या आईला फोन केला होता. तिला पटलं न्हाई.

मला दोन दिवस लई बरं वाटलं.

राग येईल तुला. येऊ दे. सात वर्षं मी गिळून राहिले. त्या दुष्काळात दहावी झालेली माझी पोर तुझ्याकडं शिकायला धाडली. तुला लेकरू न्हाई, तू जीव लावलास, चांगलं केलंस. पण दिवाळीला घरी आली की, काकू असं करत न्हाई, काकू असं बोलत न्हाई! मी म्हणायची, मग जा की काकूकडं. अन् ती खरंच बॅग भरायची.

तिच्या पहिल्या गाडीच्या त्या सोमवारी तू आंब्याच्या रंगाची साडी नेसली होतीस. केसात अबोली. हातात पेढ्याचा डबा. मला कसं ठाऊक?

मी तिथं होते, नीलम्मा.

तू फोन केला होतास, एकदा न्हाई, दोनदा. मी म्हणाले, टँकर यायचाय, जमत न्हाई. तुझ्या मागं मागं फिरून माझ्याच लेकीची गाडी बघायची, हे माझ्यानं झालं नसतं. म्हणून उदगीरहून रेल्वेनं एकटी आले, विचारत विचारत अमीरपेठच्या मेट्रो ठेसनात. पोरीची पहिली गाडी म्हणल्यावर पूजा पाहिजे, ट्रॅक्टरची करतो तशी. पिशवीत विभूती, लिंबं, नारळ, अन् नारळ फोडायला आपल्या बांधावरचा दगड. शहरात दगड कुठं हुडकू? पिशवी मशिनीतून गेली अन् शिपाई दगड हातात घेऊन माझ्याकडं बघून राहिला.

"अम्मा, ये क्या है?"

"पूजा का पत्थर."

"किसकी पूजा?"

"रेल की."

हसून हसून मेला बाबा. दगड ठेवून घेतला अन् मला सोडलं.

सरकत्या जिन्याचं भ्या वाटलं, पायऱ्यांनी वर गेले. तू उभी होतीस. एक वर्दीवाली बाई तुला म्हणाली, "आंटी, मिठाई किस बात की?" तू म्हणालीस, "पहली गाडी चला रही ना, मेरी बेटी है."

मी खांबामागं झाले. गाडी आली. पुढच्या काचेत शिवकन्या. केस घट्ट बांधलेले, नजर समोर, माझी पोर मलाच ओळखू येईना. थांबली तशी तुझ्याकडं बघून हसली. दोन ढांगांवर होते मी. हाक मारली न्हाई. तू डब्यात चढलीस, दारं लागली, गाडी गेली. नारळ घरी आणून चटणी केली.

संध्याकाळी तिचा फोन. "आई, का आली न्हाईस?" तोंडातून निघालं, "काकूनं सांगितलंच न्हाई." एवढंच बोलले.

मग परवा परत फोन. लई रडली. वाटलं, माझ्यासाठी रडून राहिली. तर म्हणती, "आई, काकू शुगरच्या गोळ्या विसरती गं. तू विचार की तिला." जळले मी. अजून जळून राहिले. पण पोर दोन्ही टायमाला बिस्कुटं खाऊन एवढी माणसं घेऊन गाडी पळवती, ते ऐकून माझ्या घशाखाली घास उतरत न्हाई.

हे पत्र तिला दे. फोनवर सांगायला तीनदा लावला अन् तिन्ही वेळा पाण्याचंच बोलले. वाचून ती तुझ्या घरी येईल अन् माझ्याशी बोलणं टाकील. ठाऊक हाय मला. तू पत्र लपवून, जाऊ दे, आई हाय तुझी, असं म्हणशील तिला. तसला मोठेपणा करू नको. तेवढा मला सोसणार न्हाई.

माफ कर म्हणून लिहायला हात उठत न्हाई.

शिवकन्याची आई, एवढं तरी मला राहू दे,
रत्नम्मा