रिकामी टाकी

चि. धाकट्यास दादाचे अनेक आशीर्वाद.

मी मजेत आहे. हाताला पोळलं होतं, तेही भरत आलंय. आईला सांगू नकोस.

गाडीच्या पत्र्यासाठी वेल्डिंग मशीन कुठलं घेऊ, विचारलंस. खांद्याला अडकवता येईल असं स्वस्तातलं घे, पण रॉडचं नको. गाडीचा पत्रा पातळ, त्याची चाळण होईल. तारेचं घे, घरच्या प्लगवर चालणारं. तोंडावरच्या काचेत मात्र कंजूषपणा करू नकोस.

आता नीट वाच. ‘पेट्रोलची टाकी रिकामी केलीय, तोवर उसनं मशीन आणून रविवारी वेल्डिंग सुरू करतो,’ असं लिहिलंस. अरे, भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी वाईट! पेट्रोल गेलं तरी वाफ आत राहते, ठिणगी पडली की तीच भडकते. आमचे मिस्त्रीसुद्धा ‘रिकामीच आहे रे’ म्हणाले होते. माझा हात त्याच दिवशी पोळला. त्यांच्या जागी अजून कुणी आलेलं नाही.

टाकी उतरवून लांब ठेव. स्वयंपाकघराची खिडकी गाडीवरच उघडते ना? आई तिथेच असते.

आज रविवार. सकाळपासून फोन लावतोय, कुणी उचलत नाही. म्हणून हे ट्रकवाल्याच्या हाती देतोय. तो उद्या पोचेल. तू दिसलास की मला फोन लावून द्यायला सांगितलंय. बोलू नकोस हवं तर. नुसता खोकलास तरी ओळखेन.

तुझा,
दादा