उर्सलीनच्या कोरड्या टाक्या

४ नोव्हेंबर, मंगळवार

नको म्हणालो. तीनदा म्हणालो! यरवूडसाहेबांनी ऐकलंच नाही. तपासनीस आम्ही दोघंच, त्यात ग्लेंडा तापाने फणफणलेली. म्हणजे ग्रेनाडाला मीच जायचं. उर्सलीनची रमची भट्टी तपासायला.

"साहेब, सख्खी बहीण आहे ती माझी."

"मग? या बेटांवर बिननात्याचा माणूस मी आणू कुठून? आणि सेल्विन, तू खोटं लिहिणार नाहीस. तेवढं पुरे आहे मला."

आमच्या भट्टीवाल्यांच्या संघाने तिच्यासाठी काय कमी केलं? जर्मनीच्या प्रदर्शनात टेबल दिलं, बाटलीला लेबल करून दिलं, हॅम्बुर्गचा घाऊक व्यापारी गाठून दिला. त्याची अट एकच — बाटलीवर संघाचा शिक्का हवा. रम तिथल्याच उसाची, तिथेच गाळलेली, तिथेच मुरलेली. बस, एवढंच बघून यायचं. एवढंच!

६ नोव्हेंबर, गुरुवार

पोचलो. ताईने नारळाच्या दुधातला नीरफणस केला होता, खारवलेलं मांस घालून. "हाडं वर आलीत तुझी. बार्बाडोसात काय कागद खातोस का रे?" हसलो. पोटभर जेवलो. मग भट्टीकडे गेलो.

आत शिरताच काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. माश्या नव्हत्या. आंबलेल्या रसावर माश्या नाहीत, असं कधी झालंय? चिपाडांचा ढीग नाही. लाकडी टाक्यांपाशी गेलो — फळ्यांच्या फटींतून पलीकडचा उजेड दिसत होता. लाकूड ओलं नसलं की आक्रसतं. या टाक्यांत कित्येक महिने थेंबभरही रस पडलेला नाही.

आणि कोठारात मात्र पिंपांवर पिंपं. भरलेली! मागच्या पडवीत ताडपत्रीखाली निळी प्लॅस्टिकची ड्रमं. एकाचं झाकण उघडून हुंगलं. उसाचा वास नाही, कशाचाच नाही. नुसतं स्पिरिट. ड्रमवर परदेशी कारखान्याची चिठ्ठी.

म्हातारा नॉर्व्हिल भट्टीवर तीस वर्षं आहे. तो दारातच उभा होता. माझ्याकडे बघेना. म्हणाला, "जुलैच्या वादळानंतर... बाईंनाच विचार बाबा."

७ नोव्हेंबर, शुक्रवार

विचारलं. लपवलं नाही तिने काही.

"ऊस मातीसकट गेला. नवा हाताशी यायला दीड वर्ष. बावीस माणसं आहेत माझ्याकडे. त्यांना काय सांगू, तोवर वारा खा? जुनी रम थोडी होती, तिच्यात मिसळलं. एकच कंटेनर, सेल्विन. एकदाच."

"ताई, तिकडे प्रयोगशाळा आहेत. पकडतात ते."

"मग तू कशाला कडमडलास? दुसरा कुणी आला असता तर जेवूखाऊ घालून परत धाडला असता!"

ती कोकोचा चहा ओतत होती. अर्धा चहा बशीत सांडला. मग हळूच म्हणाली, "तुला जे लिहायचं ते लिही. माझ्याकडे बघू नकोस."

कसं नाही बघायचं! आई इंग्लंडला गेली ती परत आलीच नाही. मी पाच वर्षांचा, ही चौदाची. शाळा सोडून जायफळाच्या वखारीत लागली. मी शिकलो, हिने जायफळं निवडली.

८ नोव्हेंबर, शनिवार

विमानतळावर सोडायला आली नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

चर्चमध्ये बसवेना. मधूनच उठून आलो.

खरं लिहिलं तर शिक्का जाईल, हॅम्बुर्ग जाईल, भट्टीला कुलूप. खोटं लिहिलं आणि तिकडे बिंग फुटलं तर? सतरा भट्ट्या आहेत संघात. पूर्वी आपली रम टँकरने जायची, तिकडे वाटेल त्याच्या नावाने बाटलीत भरायचे. हा शिक्का आला तेव्हा कुठे आपण आपल्या नावाने वरच्या फळीवर बसलो. लोकांना तो शिक्का समजावत मी अठरा वर्षं हिंडलोय. एक बाटली खोटी निघाली की सतराच्या सतरा खोट्या. त्या भट्ट्यांवरही बावीस-बावीस माणसं आहेतच ना.

देवा, मला का धाडलं तिथे?

१० नोव्हेंबर, सोमवार

ग्लेंडासारखा मलाही ताप आलाय म्हणून कळवलं. घरीच बसलो. अहवाल लिहिला, फाडला. पुन्हा लिहिला, फाडला. दुपारपर्यंत जमिनीवर कागदच कागद. ताईला फोन लावावासा वाटला. काय बोलणार होतो?

११ नोव्हेंबर, मंगळवार

दिला.

लिहिलं — टाक्या चालू, रस ताजा, पिंपं नियमाप्रमाणे. खाली सही केली. सही माझीच, पण हात कुणाचा होता कोण जाणे.

साहेबांनी उभ्याउभ्याच वाचला. बराच वेळ वाचत होते — एका पानाला इतका वेळ?

"टाक्या स्वतः पाहिल्यास?"

"पाहिल्या."

"चालू होत्या?"

"चालू होत्या, साहेब."

"बरं," म्हणाले. खिडकीतून बंदराकडे बघत राहिले. मी बाहेर येऊन जिन्यातच बसलो. अठरा वर्षं! पण ताई वाचली. एवढं तरी झालं.

१२ नोव्हेंबर, बुधवार

सकाळी उर्सलीनचा फोन. आवाज केवढा हलका! म्हणाली, "दोन दिवस धीर होईना तुला सांगायचा. तुझ्या हातून खोटं लिहवून घ्यायचं? छे, ते नाही जमणार मला. सोमवारीच यरवूडसाहेबांना फोन करून सगळं सांगून टाकलं. कोरड्या टाक्या, ड्रमं, सगळं. आता तू मोकळा, बाळा."

सोमवारी.

मी सही केली मंगळवारी.